कादंबरीचा खर्डा तयार आहे. नेमकं कुठलं संपादन करून घ्यावं?

मुठाकाठ (प्रश्न)

कादंबरीचा तिसरा खर्डा पूर्ण झालाय. ७८,००० शब्द, ३४ प्रकरणं. काळ दोन. एक १९६१चं पुणे, पानशेतच्या पुराच्या आगेमागे, शनिवार पेठेतला वाडा. दुसरा आजचा, कोथरूडचा फ्लॅट, जिथे नात आजीचं सामान आवरतेय. जुन्या काळातलं निवेदन तृतीयपुरुषी, नातीची प्रकरणं प्रथमपुरुषी. वाड्यात कामाला येणाऱ्या, मावळातल्या कोंडाबाईचे संवाद तिच्या बोलीत.

पाच जणांनी वाचली. तिघं म्हणाले, पूर येईपर्यंत फार वेळ जातो. दोघं म्हणाले, नातीचा भाग मध्येच घुसल्यासारखा वाटतो. भाषेबद्दल कुणाची तक्रार नाही, पण शुद्धलेखनाच्या चुका आहेत हे दिसतंय.

पुण्यात तीन ठिकाणी चौकशी केली. एकीकडे "संपूर्ण एडिटिंग", दर शब्दामागे. दुसरीकडे "मुद्रितशोधन व भाषासंस्कार", दर पानामागे. तिसरीकडे नुसतं वाचन आणि दहाएक पानांचा लेखी अहवाल, रक्कम ठोक. तिघांच्या आकड्यांची तुलनाच होत नाही. आधी दोन प्रकाशकांकडे पाठवायची आहे. नाही जमलं तर स्वतः काढायची तयारी आहे. पैसे एकाच मोठ्या कामाला पुरतील इतके आहेत. तर ते कशावर घालवावेत?

---

समासटीप

आकड्यांची तुलना होत नाही, कारण मराठीत "संपादन" हा एकच शब्द चार वेगळ्या कामांना वापरला जातो. त्यामुळे दर विचारण्याआधी काम विचारायचं. चारही कामं एकाच वाक्यावर लावून दाखवतो, म्हणजे फरक डोळ्यांना दिसेल. समजा, तुमच्या आजीचं नाव सुमती आहे आणि खर्ड्यात हे वाक्य आहे:

"सुमतीने दार उघडले तेव्हा तिला समोर पाणी दिसलं आणि ती खुप घाबरली कारण पाणी उंबर्याला लागलं होत आणि तिच्या मनात भिती दाटुन आली."

मुद्रितशोधक इथे पाच ठिकाणी खूण करील: खूप, उंबऱ्याला, होतं, भीती, दाटून. त्यापलीकडे वाक्याला हात लावणार नाही, आणि लावूही नये.

कॉपी एडिटर, म्हणजे ज्याला काही जण संस्करण म्हणतात ते काम करणारा, त्या पाच चुका काढीलच. शिवाय "सुमतीने उघडले" आणि "दिसलं" एका वाक्यात कसे, हे विचारील. तो आणखी एक प्रश्न समासात लिहील: दुसऱ्या प्रकरणात बिऱ्हाड माडीवर आहे, मग पाणी कुठल्या उंबऱ्याला लागलं? दिंडीदरवाज्याच्या? मग सुमती खाली कधी आली? त्याचं खरं काम हेच, संहितेने स्वतःशी खोटं बोलू नये हे बघणं.

लाइन एडिटर वाक्याच्या चालीकडे बघतो. "खूप घाबरली" आणि "मनात भीती दाटून आली" ही एकच गोष्ट दोनदा आहे, आणि पाणी उंबऱ्याला लागल्यावर ती सांगायची गरजही उरत नाही. तो सुचवील: "सुमतीनं दार उघडलं. पाणी उंबऱ्याला लागलं होतं." बस्स.

रचनेचा संपादक (आशय-संपादन, स्ट्रक्चरल, डेव्हलपमेंटल, सगळी नावं चालतात) या वाक्याकडे बघतच नाही. तो विचारतो: नातीच्या नवव्या प्रकरणात आजी जिवंत आहे, म्हणजे सुमती पुरातून वाचली हे वाचकाला आधीच माहीत आहे. मग या प्रसंगात धाकधूक कशाची? तिच्या जिवाची नसेल, तर कुणाची? की तिच्या हातून त्या दिवशी काय घडलं याची? उत्तर बदललं की प्रसंगाची जागा बदलते, लांबी बदलते, कदाचित अख्खा प्रसंगच जातो.

कामाचा क्रमही याच्या उलट लागतो: आधी रचना, मग वाक्य, मग संस्करण, शेवटी मुद्रितशोधन. जो प्रसंग उद्या काढून टाकायचा आहे, त्यातले ऱ्हस्व-दीर्घ आज पैसे देऊन दुरुस्त करून घेणं म्हणजे पाडायच्या भिंतीला रंग देणं.

तुमच्या पाच वाचकांनी निदान करूनच दिलंय. दोन्ही तक्रारी रचनेच्या आहेत. भाषेवर कुणी अडलं नाही. म्हणजे "मुद्रितशोधन व भाषासंस्कार" आत्ता नको. "संपूर्ण एडिटिंग" तर मुळीच नको, कारण एकाच फेरीत रचना आणि शुद्धलेखन दोन्ही नीट होत नाही. प्रकरण हलवायचं की नाही याचा विचार करणारं डोकं आणि "की"वरची वेलांटी शोधणारा डोळा एकाच वेळी चालत नाहीत. एका फेरीत सगळं करून देतो म्हणणारा बहुतेक वेळा फक्त शुद्धलेखन करून देतो.

माझं मत: तिसरा पर्याय, वाचन आणि लेखी अहवाल. पूर्ण रचना-संपादनात संपादक प्रत्येक प्रकरणाच्या समासात लिहितो, शिवाय अहवाल देतो, आणि पुनर्लेखनानंतर दुसऱ्यांदा वाचतो. ते महाग असतं. तुम्हाला काय दुखतंय हे साधारण माहीत आहे, का दुखतंय ते कळायला हवंय. त्याला अहवाल पुरतो. पण अहवालात काय असेल हे आधी लिहून घ्या. कथासारांश नको, तो तुम्हाला माहीत आहे. हवं ते असं: कुठल्या प्रकरणात ओढ सुटते आणि का; दोन काळांची सांधेजोड प्रकरणागणिक कशी आहे; कोणाच्या नजरेतून प्रसंग सांगितलाय आणि ती नजर कुठे घसरते; प्रत्येक मुख्य पात्राला काय हवंय आणि ते कितव्या पानावर कळतं; शेवट कशाने कमावलाय. शिवाय अहवाल मिळाल्यावर तासभर प्रत्यक्ष किंवा फोनवर बोलणं. हे बोलणं ठरवून घ्या, कारण अहवालातल्या निम्म्या ओळींचा अर्थ तिथेच उलगडतो.

अहवालाच्या आधी एक काम घरी करा, त्याला पैसे पडत नाहीत: प्रसंगतक्ता. एक्सेलमध्ये किंवा आखीव वहीत, एका प्रसंगाला एक ओळ. रकाने: प्रकरण, तारीख-वेळ, ठिकाण, कोणाच्या नजरेतून, प्रसंग सुरू होताना काय स्थिती, संपताना काय बदललं, शब्दसंख्या. "काय बदललं" हा रकाना रिकामा राहिला की तो प्रसंग संशयित. शब्दसंख्येची बेरीज करत गेलात की पूर कितव्या शब्दाला येतो हे आकड्यात दिसेल. समजा ७८,०००पैकी तो ३१,०००व्या शब्दाला येत असेल, तर तीन वाचकांचं म्हणणं तिथेच सिद्ध झालं. नातीच्या प्रकरणांना वेगळा रंग द्या. रंग कुठे सहा पानं दिसतच नाही आणि कुठे तीन प्रकरणं सलग येतो, हे बघितलं की "मध्येच घुसतो" याचा अर्थ लागतो. बहुतेकदा दुखणं भागाच्या असण्यात नसतं, त्याच्या अंतरात असतं. वाचकाने नातीला विसरावं इतकं मोठं अंतर पडलं, की ती परत येते तेव्हा पाहुण्यासारखी येते.

---

उभी_रेघ

वरील क्रमाशी पूर्ण सहमत. मुद्रितशोधनाच्या बाजूने काही गोष्टी जोडतो, कारण या कामाविषयी सर्वाधिक गैरसमज आहेत.

मुद्रितशोधन हे मुद्रितांचे (प्रुफांचे) असते, म्हणजे छपाईसाठी पाने लावून झाल्यानंतरचे. वर्ड फाइलवर जे होते ते संस्करण. त्याला कोणी मुद्रितशोधन म्हटले तरी. पाने लावताना नव्या चुका जन्माला येतात: परिच्छेद दोनदा चिकटतो, ओळ गळते, जोडाक्षर तुटते, अनुक्रमणिकेतील पृष्ठांक जुनेच राहतात, शब्द ओळीच्या शेवटी भलत्या ठिकाणी तुटतो. म्हणून वर्ड फाइल कितीही स्वच्छ असली तरी पाने लागल्यावर किमान दोन वाचने हवीत. दुसऱ्या वाचनानंतर तिसरी फेरी असते ती वाचनाची नव्हे, पडताळणीची: आधीच्या प्रुफावरील प्रत्येक खूण नव्या प्रतीत उतरली का, आणि ती उतरवताना शेजारी काही बिघडले का, एवढेच बघायचे. हे काम कागदावर, पट्टी ओळीखाली ठेवून करावे. ज्याने संस्करण केले त्याला मुद्रितशोधन देऊ नये. त्याच्या डोळ्यांना मजकूर पाठ झालेला असतो, आणि पाठ झालेला मजकूर माणूस वाचत नाही, आठवतो.

लेखनसूची आजच सुरू करावी, संपादक मिळेपर्यंत थांबू नये. एक कागद, त्यावर संहितेपुरते निर्णय. सर्वांत मोठा निर्णय: निवेदन "केले-गेले-म्हणाले" असे, की "केलं-गेलं" असे अनुस्वाराचे? नियमांना पात्रांच्या तोंडी बोलण्यातील "असं केलं" मान्य आहे, आणि आज कथात्म लेखनात निवेदनही सर्रास अनुस्वारयुक्त असते. दोन्ही चालेल, मिसळ चालणार नाही. तुमच्याकडे तर एक सोय आहे: १९६१चे निवेदन "केले" आणि नातीचे निवेदन "केलं" असे ठेवता येईल. वाचकाला काळ बदलल्याचे पहिल्याच वाक्यात कानाला कळेल. मात्र तसे ठरवले तर "सुमतीने/सुमतीनं", "तिचे/तिचं", "घरे/घरं" सगळीकडे पाळावे लागते, आणि शोधून-बदलून हे होत नाही. "तिचे" हे "तिचं डोकं"मधले की "तिचे दोन भाऊ"मधले, हे यंत्राला कळत नाही. दुसऱ्या ठिकाणी "तिचं" केले की चूक.

बाकी सूचीत: पात्रांची नावे व त्यांची ऱ्हस्व-दीर्घे (अंजू की अंजु, एकदाच ठरवा), ठिकाणांची नावे (लकडी पूल, लकडीपूल), आकडे अंकी की अक्षरी, अवतरणचिन्हे एकेरी की दुहेरी, मनातले बोलणे तिरप्या टायपात की साध्या. शुद्धलेखनासाठी साहित्य महामंडळाचे १९६२चे चौदा आणि १९७२चे चार, असे अठरा नियम हा पाया. शब्दाबाबत शंका आली की कोश एकच वापरावा. दोन कोश उघडले की दोन उत्तरे मिळतात.

कोंडाबाईच्या बोलीची यादी मात्र वेगळी करावी. समजा, ती "व्हतं" म्हणते, "न्हाई" म्हणते, "लई" म्हणते. मग प्रकरण २२मध्ये "नाय" का? यादी नसेल तर दोनांपैकी एक अपघात ठरलेला. संस्करण करणारा "व्हतं"चे "होतं" करून तिचा आवाज बंद करतो, किंवा घाबरून तिच्या खऱ्या टंकचुकाही तशाच ठेवतो. बोली ही चूक नव्हे आणि चूक ही बोली नव्हे; फरक दाखवणारी यादी लेखकानेच द्यायची असते. मावळच्या बाईच्या तोंडी वऱ्हाडी "बावा" आला तर ते शुद्धलेखनाचे नव्हे, कानाचे काम आहे, आणि त्यासाठी त्या भागातील एका माणसाकडून केवळ तिचे संवाद मोठ्याने वाचून घ्यावेत.

स्पेलचेकर अवश्य चालवा, पण त्याची मर्यादा ओळखून. "दिन" आणि "दीन", "सुत" आणि "सूत", "शिर" आणि "शीर" हे सगळे त्याच्या लेखी बरोबर असतात.

---

तारीखवार

एक काम वर कोणीच मोजलं नाही: तथ्यतपासणी. ऐतिहासिक पार्श्वभूमीच्या कादंबरीत हे संस्करणात आपोआप येईल असं गृहीत धरू नका. दरात आहे का, हे विचारा. नसेल तर स्वतः करा.

पानशेतचं धरण फुटलं १२ जुलै १९६१ला, वार बुधवार. धरण सकाळी फुटलं आणि शहरात पाणी दिवसाढवळ्या शिरलं. खडकवासल्याचं धरणही त्याच दिवशी गेलं. त्यामुळे "मध्यरात्री लोंढा आला" असं कुठे असेल तर ते जाईल. त्याहून बारीक: पुराच्या रात्री गच्चीवर बसलेल्या माणसांवर चांदणं पाडू नका. ती अमावास्येची रात्र होती. त्याच्या पुढच्याच अमावास्येला, ११ ऑगस्ट १९६१ला, सूर्यग्रहण झालं. म्हणजे गच्चीवर मिट्ट काळोख, वर जुलैचं आभाळ. प्रसंग लिहायला हा काळोख चांदण्यापेक्षा किती तरी जास्त उपयोगाचा आहे.

या काळातल्या लेखनात नेहमी घुसणाऱ्या गोष्टी सांगतो. बालगंधर्व रंगमंदिर १९६८ला उघडलं. त्याआधी तिथे नाटक बघता येत नाही. पुण्याची बससेवा पीएमपीएमएल २००७ची, १९६१ला पीएमटी. मुंबई दूरदर्शन १९७२चं. मुंबईच्या नातेवाइकाला फोन करायचा तर ट्रंक कॉल नोंदवून वाट बघायची. दशमान नाणी १ एप्रिल १९५७पासून, आणि "नये पैसे" हा शब्द १९६४पर्यंत चालला. पण तोंडात आणेच होते, त्यामुळे दुकानदार एक बोलतो आणि हातात दुसरं नाणं येतं. हा गोंधळ प्रसंगात वापरण्यासारखा आहे. वजनमापातही तसंच, शेर आणि किलो शेजारी-शेजारी.

करायचं असं. संहितेतून प्रत्येक तारीख, वार, तिथी, किंमत, वाहन, पूल, इमारत, ब्रँड, सिनेमा, सरकारी खातं एका यादीत ओढा. समोर पान नंबर आणि पुरावा. वार आणि तिथीसाठी त्या वर्षाचं पंचांग. प्रसंगांसाठी जुलै-ऑगस्ट १९६१चे पुण्यातल्या दैनिकांचे अंक, जुन्या ग्रंथालयांत बसून. पुरात काय भिजलं, कुठली पेठ किती बुडाली, मदतकेंद्र कुठे होतं, हे लोकांच्या आठवणीत सरमिसळ होऊन येतं. आठवणी पात्राच्या तोंडी चालतात. निवेदनात नाहीत.

आणि वय! आजी १९६१ला बावीस वर्षांची असेल तर तिचा जन्म १९३९चा. नात तिचं सामान २०२४मध्ये आवरतेय, तर आजी पंच्याऐंशीची. नातीचं वय आणि तिच्या आईच्या जन्माचं साल मध्ये बसतंय का, ते कागदावर मांडा. कौटुंबिक कादंबरीत सगळ्यात जास्त चुका इथे होतात, आणि वाचक त्या पकडतात.

---

मुठाकाठ

मनापासून आभार सगळ्यांचे. प्रसंगतक्ता निम्मा झालाय आणि पूर २९,४००व्या शब्दाला येतोय, एवढं आत्ताच दिसलं. गच्चीवर चांदणं होतं. काढलं.

तीन प्रश्न उरलेत. एक, रचनेचा संपादक कथा स्वतःच्या आवडीने वळवील ही भीती अवास्तव आहे का? दोन, अहवाल घेतल्यावर संस्करणाला पैसे उरणार नाहीत. प्रकाशकांकडे तसंच पाठवलं तर चालेल? तीन, फाइल श्रीलिपी या टायपिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये आहे, ते आड येईल?

---

फर्मा१६

तिसऱ्यापासून उलटं घेतो.

श्रीलिपीच्या जुन्या, युनिकोड नसलेल्या फाँटमध्ये असेल तर आजच युनिकोडमध्ये (सगळ्या संगणकांवर चालणाऱ्या अक्षरपद्धतीत) बदला. संपादकाला ट्रॅक चेंजेस (वर्डमधली प्रत्येक बदल दाखवणारी सोय) वापरून काम करायचं असतं, शोध चालवायचा असतो, आणि जुन्या फाँटमध्ये "सुमती" शोधलं तर काहीच हाती लागत नाही. रूपांतर केल्यावर मजकूर जसाच्या तसा आला असं समजू नका. ठरावीक जागा बिघडतात. "दुसऱ्या"चं "दुसर्या" होतं. यासाठी "र्य" शोधा आणि एकेक बघत जा. सूर्य, कार्य, धैर्य बरोबर आहेत, वार्यावर, पायर्या, उंबर्याला चूक. सरसकट बदल केलात तर सूर्याचं वाटोळं होईल. रफार शेजारच्या अक्षरावर जाऊन बसतो, वेलांटी आधीच्या अक्षराला चिकटते, अवतरणचिन्हांच्या जागी भलतीच अक्षरं येतात. "ॲ" दोन प्रकारे टाइप होतो, एकच अक्षर म्हणून किंवा अ वर चंद्र देऊन. दिसायला सारखे, शोधायला वेगळे. ॲल्युमिनियमची पातेली एका प्रकरणात सापडतील, दुसऱ्यात नाहीत. सगळे एकाच प्रकारचे करून घ्या. हे सगळं संपादकाच्या हाती फाइल जाण्याआधी. नाही तर तो तुमच्या पैशाने फाँट दुरुस्त करत बसतो.

फाइल एकच ठेवा, ३४ वेगळ्या नकोत. नावात तारीख घाला. संपादकाची फाइल आली की मूळ प्रत बाजूला ठेवून कॉपीवर काम करा, आणि "सगळे बदल स्वीकारा" हे बटण दाबू नका. एकेक बघा.

दुसरा प्रश्न. प्रकाशकांकडे पाठवताना संहिता निर्दोष असावी लागत नाही, वाचनीय असावी लागते. पुस्तक स्वीकारलं तर संस्करण आणि मुद्रितशोधन प्रकाशक त्यांच्या पद्धतीने, त्यांच्या लेखनसूचीने करून घेतात; तुम्ही आधी खर्च केलात तर तो दुप्पट होतो. म्हणून अहवाल, पुनर्लेखन, वर उभी_रेघ यांनी सांगितलेली सूची, स्पेलचेकर, आणि पहिली तीन प्रकरणं कुणा जाणत्याकडून डोळ्यांखालून घालून घ्यायची. एवढं प्रकाशकासाठी पुरे. मात्र प्रकाशक तुमच्याकडूनच पैसे मागत असेल, तर संपादन आणि प्रुफांच्या फेऱ्या किती, कोण करणार, हे करारात लिहून घ्या. "ते आमच्याकडे होतं" या वाक्याला अर्थ नाही.

स्वतः काढणार असाल तर गणित वेगळं. डेमी या पुस्तकाच्या आकारात, नेहमीच्या टायपात पानाला साधारण २८० शब्द धरा. ७८,००० शब्दांची २७९ पानं, सुरुवातीची नऊ धरून २८८, म्हणजे सोळा पानी बरोबर अठरा फर्मे (फर्मा म्हणजे एकत्र छापून दुमडलेल्या पानांचा गठ्ठा). रचनेच्या फेरीत पुराआधीचे नऊ हजार शब्द गेले तर बत्तीस पानं वाचतात, दोन फर्मे. कागद, छपाई, बांधणी, शिवाय नंतरच्या कॉपी एडिटिंगचं आणि प्रुफांचं बिल, सगळंच तेवढ्याने उतरतं. अहवालावर घातलेले पैसे असे काही अंशी परत येतात. उलट पानं लावून झाल्यावर कुणाला एक परिच्छेद काढावासा वाटला, तर त्या प्रकरणाची पुढची सगळी पानं सरकतात, आणि मांडणी करणारा त्याचे वेगळे पैसे लावतो, योग्यच आहे.

वेळेचा अंदाज: अहवालाला तीन-चार आठवडे, पुनर्लेखनाला तुमचे तीन महिने तरी, मग महिनाभर संहिता बंद. त्यानंतर लाइन आणि संस्करण मिळून सहा आठवडे, मांडणी दोन, प्रत्येक प्रुफाला दहा दिवस. या हिशेबात प्रकाशनाची तारीख शेवटी ठरवायची असते. आधी हॉल बुक केला की कात्री नेहमी प्रुफांच्या फेऱ्यांवर चालते.

---

समासटीप

पहिल्या प्रश्नाबद्दल. भीती अवास्तव नाही, पण ती आधी ओळखता येते. चांगला संपादक अडचण नेमकी सांगतो आणि उपाय दोन-तीन सुचवून निवड तुमच्यावर सोडतो. "प्रकरण सात ते अकरामध्ये सुमतीला काहीच ठरवावं लागत नाही, म्हणून ओढ सुटते" ही टीप कामाची. "इथे एक प्रेमप्रकरण घाला" ही टीप त्याच्या डोक्यातल्या दुसऱ्या कादंबरीची. उपाय नाकारला तरी अडचण खरी असू शकते, एवढं मात्र ध्यानात ठेवा. ज्या जागी तीन माणसं अडखळली, तिथे काहीतरी आहेच. तिघांनी सुचवलेले उपाय तिन्ही चुकीचे असले तरी.

कायद्याने संहिता तुमचीच राहते. कॉपीराइट कायद्याच्या कलम ५७प्रमाणे लेखनाची मोडतोड होऊ न देण्याचा हक्क लेखकाकडे असतो. तरी साधा एक पानाचा करार करा: कामाचा प्रकार, शब्दसंख्या, फेऱ्या, तारखा, रक्कम व हप्ते, अंतिम निर्णय लेखकाचा, संहिता तिसऱ्याला दाखवायची नाही, श्रेयपानावर नाव कसं छापायचं, आणि मध्येच थांबलं तर झालेल्या कामाचे पैसे कसे मोजायचे.

माणूस शोधताना अप्पा बळवंत चौकात जा, गेल्या दोन-तीन वर्षांतल्या पाच-सहा कादंबऱ्यांचं श्रेयपान उघडा. जिथे "संपादन" आणि "मुद्रितशोधन" ही दोन वेगळी नावं छापलीत ती टिपून घ्या, आणि त्या पुस्तकाची मधली वीस पानं तिथेच उभ्याने वाचा.

मग नमुना मागा, अहवाल देणाऱ्याकडूनही. पहिली दहा पानं देऊ नका. ती तुम्ही वीस वेळा घासलेली असतात, त्यात काही सापडत नाही. पुराआधीचं एक लांबलेलं प्रकरण आणि त्याला लागून येणारं नातीचं प्रकरण द्या, म्हणजे सांधा त्यात येईल. सोबत एक पानभर कथानक. त्याने परत काय पाठवलं ते असं वाचा: वेलांट्याच दुरुस्त करून पाठवल्या असतील, तर तो चांगला मुद्रितशोधक असेल, नंबर जपून ठेवा, सहा महिन्यांनी लागेल. सुमती आपल्या सासूशी "तुम्ही" बोलता बोलता एका वाक्यात "तू" का म्हणाली, हे विचारलं असेल, तर कान चांगला आहे, लाइनसाठी हा माणूस. आणि "नात या प्रकरणात जी पत्र्याची पेटी उघडते, ती आधीच्या प्रकरणात सुमतीच्या हातात का दिसत नाही?" असा प्रश्न आला असेल, तर अहवाल त्याच्याकडून घ्या.